सोलापूरच्या काळ्या रानात मेटल डिटेक्टरची कोणती कॉइल खोल जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहोळजवळच्या रानात कांदा काढताना आईचं मंगळसूत्र तुटून पडलं. ते शोधायला डिटेक्टर घ्यायचा आहे. मोठी कॉइल (जमिनीवरून फिरवायची, तारेच्या वेटोळ्याची चकती) घ्यावी की पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे झटके सोडून शोधणारं यंत्र? आणि त्याच यंत्राने गावातल्या पडक्या वाड्याची जागा बघता येईल का?

मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो आणि रानात पडलेल्या वस्तू लोकांना शोधून देतो. मंगळसूत्रासाठी मोठी कॉइल नको आणि पल्स इंडक्शनही नको. व्हीएलएफ प्रकारचं (कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी सतत सोडणारं), शक्यतो एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र आणि मध्यम किंवा लहान डीडी कॉइल घ्या (डीडी म्हणजे काय ते खाली सांगतो). कारण आपली माती.

काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. घरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळलेल्या मातीत फिरवा, काळी पूड चिकटून येईल. डिटेक्टरला ही पूडही दिसते. वस्तूचा सिग्नल मातीच्या या गोंगाटातून वेगळा काढता आला, तरच यंत्र वाजण्याला अर्थ आहे.

जाहिरातीतले खोलीचे आकडे म्हणूनच बाजूला ठेवा. लहान वस्तू कॉइलपासून लांब गेली की तिचा सिग्नल ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट झाली की सिग्नल ६४ पटींनी क्षीण. ‘तीन मीटर’ हा आकडा पत्र्याच्या पेटीसारख्या मोठ्या वस्तूचा असतो, वाटीचा नव्हे. नाण्याएवढी वस्तू आपल्याकडे वीतभर खोलीवरून स्वच्छ वाजली, तर मी यंत्र चांगलं म्हणतो.

कॉइल मोठी केली की तिचं चुंबकीय क्षेत्र खोलवर पोचतं हे खरं, पण ती मातीही तितकीच जास्त बघते. मुरमाड किंवा काळ्या रानात फायदा तिथेच संपतो, आणि लहान वस्तू मात्र तिच्या नजरेतून सुटतात. कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळी असलेल्या कॉइलचं क्षेत्र शंकूच्या आकाराचं असतं. वस्तू नेमकी कुठे आहे ते ती छान दाखवते, सौम्य जमिनीत खोलीही चांगली देते, पण खनिजांनी भरलेल्या मातीत गडबडते. डीडीमध्ये दोन वेटोळी एकमेकांवर अर्धवट चढवलेली असतात, त्यामुळे संवेदनक्षम भाग मधल्या अरुंद पट्टीपुरता राहतो. एका क्षणी कमी माती बघितली जाते, म्हणून आपल्याकडे डीडीच चालते. गॅरेट कंपनीच्या एस २५० यंत्रासोबत कॉन्सेंट्रिक येत असे, एस ४०० सोबत डीडी येते. जुनं यंत्र घेणार असाल तर एवढं बघाच.

पल्स इंडक्शनची गोष्ट निराळी. ते विजेचा झटका सोडतं, थांबतं आणि धातूत उठलेले भोवरी प्रवाह (गोल फिरणारे वीजप्रवाह) किती वेळात विरतात ते मोजतं. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद झटक्याबरोबरच संपतो, म्हणून काळ्या मातीचा त्रास त्याला कमी, आणि मोठ्या वस्तूंवर खोली खरोखर जास्त. पण लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही. रानात खिळे, बैलांच्या नाला, तारेचे तुकडे किती असतात हे तुम्हाला सांगायला नको; प्रत्येक आवाजाला खणावं लागेल. भट्टीच्या किंवा चुलीच्या जागची भाजलेली माती तर त्यालाही फसवते.

आता सोनं. मंगळसूत्रात डिटेक्टरला दिसतात त्या मुख्यतः वाट्या. काळे मणी काचेचे, बारीक साखळीची प्रत्येक कडी त्याला सुटी दिसते आणि जवळजवळ वाजतच नाही. एवढ्या लहान वस्तूला १५ ते ४० किलोहर्ट्झची वरची फ्रिक्वेन्सी लागते. पाच-सहा किलोहर्ट्झ चांदी-तांब्याच्या जाड वस्तूंसाठी बरी. मायनलॅब इक्विनॉक्ससारखी यंत्रं अनेक फ्रिक्वेन्सी एकत्र वापरतात, म्हणून महाग असली तरी इथे उपयोगी पडतात. रान क्षारपड आणि ओलं असेल, तर वरच्या फ्रिक्वेन्सीला त्रास होतो. वाफसा आल्यावर शोधा. सुरुवातीला आणि माती बदलेल तिथे कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा सिग्नल वगळायला यंत्र जुळवून घ्या. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवू नका, यंत्र शांत राहील इतकीच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: नांगरट थांबवा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वाटी भेगेत गेली की कुठल्याच कॉइलच्या आवाक्यात राहत नाही. आज ती बहुधा चार बोटांवर असेल. दोऱ्या लावून पट्टे पाडा, कॉइल जमिनीला घासूनच सावकाश फिरवा, मग तोच पट्टा आडवा फिरवा. आईची अंगठी आधी त्याच मातीत पुरून तिचा आवाज कानात बसवून घ्या.

अँटेनावाली, शेकडो मीटरवरून सोनं दाखवणारी यंत्रं अजिबात घेऊ नका. त्यांत शोधणारं काहीही नसतं. अशाच दांडीचं एडीई ६५१ हे बनावट यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकलं गेलं आणि विक्रेत्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची कैद झाली. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने लोक असल्या यंत्रांवर जमिनी गहाण टाकतात, हे बघून जीव तुटतो.

वाड्याचं म्हणाल तर मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. भुईकोट किल्ल्यात किंवा कुठल्याही संरक्षित जागी तर यंत्र काढूच नका.

कांदा काढल्यावर रानात कुळव फिरला का, आणि बांधाला द्राक्षबागेचे अँगल-तारा आहेत का, हे कळवा. तारांजवळ लहान कॉइलच लागेल. तेवढ्यावरून नेमका आकार सांगतो.