इन्सुलिन तोडणारं एन्झाइम: अडवण्याआधी आत डोकावून बघ

प्रिय मुली,

इन्सुलिन तोडणारं एन्झाइम अडवलं तर मधुमेहावर औषध मिळेल, या कल्पनेवर प्रकल्प करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. मर्स्की आणि ब्रो-कान यांनी १९४९ साली या एन्झाइमबद्दल लिहिलं. इतक्या जुन्या विषयात हात घालतेस तर रोधक, म्हणजे एन्झाइम अडवणारा रेणू, निवडायच्या आधी एन्झाइमची रचना स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

शिकागोच्या वेई-जेन तांग यांच्या गटानं २००६ मध्ये मानवी एन्झाइमच्या स्फटिकरचना प्रसिद्ध केल्या. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून त्या फुकट उतरवता येतात. करंजीच्या साच्यासारखे दोन अर्धे भाग, एका दुव्यानं जोडलेले. मिटले की आत पोकळी. अख्खं इन्सुलिन तिथे मावतं, लांबलचक प्रथिनं मावत नाहीत. कापण्याचं काम जस्ताच्या अणूपाशी होतं. त्याला धरून ठेवणारी अमिनो आम्लं शोधून काढ: हिस्टिडिन १०८, हिस्टिडिन ११२ आणि ग्लुटामेट १८९ (आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला क्रमांक). शेजारचं ग्लुटामेट १११ पाण्याचा रेणू कामाला लावतं. तांग यांच्या गटानं नेमकं तेच बदलून तिथे ग्लुटामिन बसवलं. कापणं थांबलं, आणि इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळी पोकळीत पकडलेली दिसली! इथे तासभर रेंगाळ. साखळीचं सुरुवातीचं टोक जस्तापासून सुमारे ३० अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अडकलेलं दिसेल.

मग ग्लुकॅगॉनची रचना उघड. तेही त्याच पोकळीत, टोक त्याच जागी. अमायलिन हे संप्रेरक आणि अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड-बीटाही तिथेच. अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम या एन्झाइमला लागत नाही. आकार आणि विद्युतभार जुळले की पुरतं. म्हणजे ते सरसकट अडवलंस, तर साखर उतरवणारं इन्सुलिन टिकेल आणि चढवणारं ग्लुकॅगॉनही.

हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटानं २०१४ मध्ये उंदरांत हेच पाहिलं. ग्लुकोज तोंडानं दिलं तेव्हा इन्सुलिन भरपूर स्रवलं आणि रोधकामुळे साखर चांगली आटोक्यात आली. तेच ग्लुकोज पोटात टोचल्यावर मात्र इन्सुलिन कमी स्रवलं, टिकलेल्या ग्लुकॅगॉनचं पारडं जड झालं आणि साखर जास्त चढली. पुढे २०१९ मध्ये त्यांनी इन्सुलिनचं तुटणं रोखणारे, पण ग्लुकॅगॉन तुटू देणारे रेणू दाखवले. तुझं काम तिथून सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पहिल्या चाचणीपासूनच इन्सुलिनच्या जोडीला ग्लुकॅगॉन ठेव. गाईड खर्चाचं कारण पुढे करतील, तरी हट्ट सोडू नकोस. रचना बघून झाल्या की कळव.