रोज चालतात, तरी पडल्या कशा?

"आई रोज सकाळी अर्धा तास बागेत चालतात, शुगर ताब्यात आहे, मग घरातल्या घरात पडल्या कशा?" ७२ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन आलेल्या सुनेने हा प्रश्न विचारला. मुलाने आपल्यापुरता तोडगा काढला होता: "आई, आता तू काही करू नकोस. बसून राहा." हाड मोडलं नव्हतं, पण काकूंनी बागेत जाणं बंद केलं होतं.

"पाय अडखळला" एवढ्या उत्तरावर थांबू नये. हातात काय होतं, कोणत्या बाजूला पडलात, आधी चक्कर आली का, तोल गेल्यावर पाय टाकता आला का, हे एकेक करून विचारावं. काकूंच्या उजव्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. बाल्कनीच्या उंबरठ्याला डाव्या पायाचा अंगठा अडकला. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "तीन-चार पावलं टाकली हो मी, पण पाय लांब पडेचना."

दुखणं नेमकं या वाक्यात आहे. अडखळतात सगळेच. तरुण माणूस एकच लांब पाऊल टाकतो, पाय शरीराच्या पुढे पडतो, गुडघा भार पेलतो आणि सेकंदाच्या आत तो सावरलेला असतो. त्यासाठी ताकद हवीच, पण ती झटक्यात मिळायला हवी. स्नायूंत संथ आणि जलद असे दोन्ही प्रकारचे तंतू असतात. वयानुसार बारीक होतात ते प्रामुख्याने जलद तंतू. मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या ताब्यातले बरेच तंतू शेजारच्या संथ चेतातंतूंकडे जातात. म्हणून स्नायू जेवढा घटतो त्यापेक्षा ताकद जास्त घटते, आणि ताकदीपेक्षाही तिचा वेग. रमतगमत चालताना या जलद तंतूंना फारसं काम पडत नाही. चालणं हृदयाला आणि शुगरला उत्तम, ते सोडू नये. पण अडखळल्यावर सावरण्याचा सराव त्यातून होत नाही.

तोल गेल्याची खबरही उशिरा पोचते. मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेने तळव्यांची जाणीव बोथट होते, आणि बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते.

काकूंना हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. १९ सेकंद लागले. १५ च्या वर गेलं की पाय अशक्त समजायचे. डाव्या पायावर त्या तीन सेकंदच उभ्या राहिल्या. पाचसुद्धा न जमणं हा धोक्याचा इशारा. मग पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. स्वतःहून बंद करू नयेत. काकूंचं बीपी टिकून होतं, पण झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. ती त्यांच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केली.

मुलाच्या "बसून राहा"चं काय? माया कळते, पण हा सल्ला घातक आहे. निरोगी ज्येष्ठांनी फक्त १० दिवस अंथरुणात काढले, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू जातो, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. शिवाय भीतीने माणूस अंग ताठ करून, जमिनीकडे बघत, छोटी छोटी पावलं टाकतो, आणि तसं चालणारा लवकर पडतो.

व्यायाम स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ठरवले, मागे खुर्ची आणि पहिले काही दिवस शेजारी सून. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या कडेशी बसायचं, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं, झटक्यात उठायचं आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचं. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, श्वास न रोखता. बहुतेकांची चूक अशी की सरळ पाठीने उठू पाहतात आणि मागे धपकन बसतात. उठताना पायांची ताकद पुरत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी. मग ओटा धरून टाचा उचलणं १० वेळा, आणि टाचा टेकवून चवडे उचलणं १० वेळा. उंबरठ्यावरून अंगठा सुटतो तो नडगीच्या याच स्नायूमुळे, आणि नेमका हाच व्यायाम लोक गाळतात. ओट्याच्या कडेने आडवं चालणं हे कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी. कुशीवर पडणं टाळायचं तर ते हवेतच.

हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहणं मात्र रोज: आधी १० सेकंद, मग ३०. दोन आठवड्यांनी सून "पुढे", "डावीकडे", "मागे" म्हणेल तसं एकच लांब पाऊल पटकन टाकायचं. धक्का देऊन किंवा ओढून सावरण्याचा सराव घरी करू नये. तो फिजिओथेरपिस्टकडेच, कंबरेला पट्टा बांधून.

ताकद वाढायला प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोच्या काकूंना ५५ ते ६६ ग्रॅम. वरण-भाताच्या दोन वेळांत ते भरत नाही. दूध, दही, उसळ, अंडं किंवा पनीर प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

तीन महिन्यांनी पाच उठबशा १३ सेकंदांत झाल्या. बादली आता अर्धी भरलेली असते आणि बाल्कनीत पाय टाकण्याआधी ती पलीकडे ठेवली जाते.

जमिनीवरून उठणंही शिकवलं: कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर हात ठेवा, बळकट पाय पुढे घेऊन उठा आणि वळून बसा. कमरेत किंवा जांघेत तीव्र दुखत असेल तर उठूच नका, हाक मारा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर काही वाटत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.