जुन्या माउंटन बाइकचे आधी टायर बदल

जुनी माउंटन बाइक डांबरी रस्त्यावर चालवायची असेल तर सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस. आधी फक्त टायर बदल, निम्मा फरक तिथेच जाणवेल. जाड दातेरी टायर डांबरी रस्त्यावर घूंऽऽ करत पायातली ताकद खातात. जुन्या सायकलचं चाक बहुधा २६ इंची असतं. टायरच्या कडेवर ५५९ हा आकडा दिसला की खात्री. त्यावर दीड इंची गुळगुळीत टायर छान बसतो. हवा मात्र कडेवर छापलेल्या मर्यादेतच भर.

पुढचं सस्पेन्शन लॉक होत असेल तर लॉक कर. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, बदलायचाच असेल तर नवा तेवढ्याच उंचीचा घे. आखूड बसवलास तर हँडल चंचल होतं, मला ते अजिबात आवडत नाही. ब्रेकची रबरं झिजली असतील तर आजच बदल. मडगार्ड आणि मागचा लाल दिवा हवाच.