टेबलमधल्या टिक केलेल्या ओळींनाच जावास्क्रिप्टने क्लास कसा लावायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ज्या ओळींच्या चेकबॉक्सवर टिक आहे, त्यांनाच 'निवडलेली' हा क्लास लावायचाय. क्वेरीसिलेक्टरऑलने ओळी शोधल्या, त्यालाच जोडून क्लासलिस्ट.ॲड लिहिलं, तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दिसतात त्या खिडकीत) 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' आलं. मग क्लासनेम वापरून पाहिलं. क्लास लागला, पण ओळींचं आधीचं सगळं डिझाइन उडालं.

या दोन्ही चुका मी करून बसलोय.

क्वेरीसिलेक्टरऑल तुमच्या हातात ओळ देत नाही, ओळींची यादी देतं. तिला नोडलिस्ट म्हणतात. क्लासलिस्ट असतं ते एकेका एलिमेंटकडे, यादीकडे ते नसतंच. नसलेली प्रॉपर्टी मागितली की जावास्क्रिप्ट मुकाट्याने अनडिफाइन्ड देतं, आणि त्या अनडिफाइन्डकडे ॲड मागितलं की मग बोंब मारतं. जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीवर हात बसलेल्यांचं हे हमखास होतं, कारण तिथे ॲडक्लास एका झटक्यात सगळ्यांना लागतो. आतला लूप जेक्वेरी स्वतः फिरवते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये तो आपण फिरवायचा:

डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टरऑल('.ओळ').फॉरईच(ओ => ओ.क्लासलिस्ट.ॲड('निवडलेली'));

(कोड इथे देवनागरीत लिहिलाय, फाइलमध्ये कमांड अर्थातच रोमन अक्षरांत हव्यात. क्लासचं नाव मात्र खरोखर देवनागरीत ठेवलंत तरी चालतं, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली म्हणजे झालं.)

एररमध्ये अनडिफाइन्डच्या जागी नल दिसलं, तर दुखणं वेगळं. एकच एलिमेंट शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरला काही सापडलं नाही की ते नल देतं. म्हणजे सिलेक्टर चुकलाय, किंवा टेबल तयार व्हायच्या आधीच स्क्रिप्ट धावतेय. बाहेरच्या फाइलमधली स्क्रिप्ट असेल तर तिच्या टॅगमध्ये डिफर लिहा, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती धावेल. क्वेरीसिलेक्टरऑलचा स्वभाव याहून घातकी आहे: काही सापडलं नाही तर ते रिकामी यादी देतं, लूप शून्य वेळा फिरतो आणि एररही येत नाही. अशा वेळी यादीची लेंग्थ कन्सोलवर छापून बघायची, बाकी डोकं खाजवत बसू नये.

क्लासनेमचं म्हणाल तर ती सरळ एक स्ट्रिंग आहे. बरोबरचं चिन्ह वापरलं की जुनी स्ट्रिंग गेली, नवी आली. काहीजण अधिक-बरोबर वापरतात आणि मधली जागा विसरतात, मग 'ओळनिवडलेली' असा कुणाच्याच ओळखीचा नसलेला क्लास तयार होतो. क्लासलिस्ट.ॲड जुन्याला हात लावत नाही आणि तोच क्लास दोनदाही लावत नाही. फक्त त्याला नाव देताना आधी टिंब द्यायचं नाही. टिंब सिलेक्टरमध्ये असतं, इथे दिलंत तर ते नावाचाच भाग होतं, एररही न देता. दोन क्लास लावायचे असतील तर स्वल्पविरामाने वेगळे द्या. एकाच स्ट्रिंगमध्ये जागा सोडून लिहिलेत तर एरर ठरलेला.

आता 'टिक केलेल्याच' ओळी. इनपुट:चेक्ड हा सिलेक्टर या क्षणी टिक असलेले चेकबॉक्स देतो. चौकटी कंसातलं [चेक्ड] वापरू नका, ते फक्त एचटीएमएलमध्ये चेक्ड लिहिलंय का एवढंच बघतं; वापरणाऱ्याने नंतर केलेली टिक त्याच्या गावीही नसते. चेकबॉक्स मिळाला की क्लोजेस्ट('टीआर') म्हणा (टीआर म्हणजे टेबलच्या ओळीचा टॅग), तो ज्या ओळीत बसलाय ती ओळ मिळते.

टिक काढल्यावर क्लास जायलाही हवा. इथे मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली होती. 'निवडलेली' क्लासच्या ओळी गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने घेतल्या आणि शून्यापासून लूप लावून प्रत्येकीचा क्लास काढला. सहापैकी तीनच ओळींचा गेला. दुसरी, चौथी, सहावी तशाच! कारण ती यादी जिवंत असते: क्लास काढला की ओळ त्याच क्षणी यादीतून गळते, मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात, लूप मात्र पुढच्या क्रमांकावर गेलेला असतो. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी हा काढून ठेवलेला फोटो असतो, तो बदलत नाही. म्हणून मी तीच वापरतो. पण फोटोत नंतर आलेले पाहुणे नसतात, हेही आलंच: टेबलमध्ये मागाहून भरलेल्या ओळी त्या यादीत मिळणार नाहीत.

त्यामुळे तुमच्या कामाला मी प्रत्येक चेकबॉक्सवर लिसनर (काही घडलं की चालणारा कोड) लावणार नाही. संपूर्ण टेबलवर एकच चेंज लिसनर लावेन, म्हणजे कुठलीही टिक बदलली की तो चालेल, आणि आत एवढंच (इ म्हणजे लिसनरला मिळणारा इव्हेंट, इ.टार्गेट म्हणजे ज्यावर तो घडला तो चेकबॉक्स):

इ.टार्गेट.क्लोजेस्ट('टीआर').क्लासलिस्ट.टॉगल('निवडलेली', इ.टार्गेट.चेक्ड);

टॉगलला दुसरी किंमत दिली की ते उलटापालट करत नाही. ट्रू असेल तर क्लास लावतं, फॉल्स असेल तर काढतं. नव्या ओळीही आपोआप यात येतात. टेबलमध्ये दुसरे इनपुट किंवा ड्रॉपडाउन असतील तर आधी तो चेकबॉक्सच आहे ना ते तपासा. शिवाय पान उघडताना सगळ्या ओळींवर हेच एकदा चालवा, कारण फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावरही आधीच्या टिका लक्षात ठेवतो, आणि तेव्हा चेंज इव्हेंट येत नाही.

आणि फक्त रंगच बदलायचा असेल तर खरं सांगू, जावास्क्रिप्टची गरजच नाही. सीएसएसमध्ये टीआर:हॅज(इनपुट:चेक्ड) लिहा. डिसेंबर 2023 मध्ये फायरफॉक्स 121 आल्यापासून हे सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं. क्लासवर दुसरं काही अवलंबून असेल, जसं की निवडलेल्या ओळी मोजणं, तर वरचा टॉगल ठेवा.

एवढं करून ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये क्लास दिसतोय पण ओळीचा रंग बदलत नाही असं झालं, तर जावास्क्रिप्टला हात लावू नका. बहुतेक वेळा टीडीला, म्हणजे ओळीतल्या एकेका कप्प्याला, स्वतःचा पार्श्वरंग दिलेला असतो आणि तो टीआरचा रंग झाकून टाकतो. नियम '.निवडलेली टीडी' असा लिहून बघा.