कावळा शिवेना

ताई,
आम्ही गोव्यात साखळीजवळ राहतो. घरात सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. मुलगा १९ वर्षांचा, फर्मागुढीला इंजिनियरिंगला आहे, होस्टेलवर राहतो, शनिवारी दुपारच्या कदंब बसने घरी येतो. मेसची डाळ त्याला सोसत नाही, दोन किलोने उतरलाय. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. यांचे खाणीवर दोन टिपर ट्रक होते. एक विकला, दुसरा अंगणात फणसाखाली उभा आहे.

मुलीने दादाच्या लॅपटॉपवर 'वेलकम टू द डॉलहाउस' नावाचा इंग्रजी सिनेमा तीनदा पाहिला. मी एकदा मागे जाऊन उभी राहिले, तर पडद्यावर एका पोरीचे हाल चाललेले आणि ही हसतेय. परवा तिच्या बीजगणिताच्या वहीत मागच्या बाजूने लिहिलेली गोष्ट सापडली. गॅदरिंगला मोबाइलवर काढलेली फिल्म दाखवणार आहेत, त्यासाठी. गोष्ट आमच्याच घराची आहे आणि पहिल्याच पानावर ती मेलेली आहे! प्रेत टिपरमधून न्यायचं ठरतं, टिपर सुरू होत नाही, सगळा वाडा ढकलतो. दहाव्याला वाळवंटी नदीच्या काठी कावळा शिवत नाही. तिची काय इच्छा राहिली, हे कुणालाच आठवत नाही. दादा म्हणतो, चार्जर. बाबा म्हणतात, कितवीत होती ती? शेवटी आई पिंडावर इसवणाची, म्हणजे सुरमईची, तळलेली तुकडी ठेवते आणि कावळा झडप घालतो. दहाव्याला मासळी, ताई! मी मुलाला मोठी तुकडी वाढते हे खरं, पण तो आठवडाभर मेसचं जेवतो. मी स्वतः इसवणाचं डोकं घेते आणि 'मला डोकंच आवडतं' म्हणते, हेसुद्धा तिने लिहिलंय.

वही लपवू की यांना दाखवू? सिनेमामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय का? थोडं उतरवून सोबत पाठवते. दोन रात्री झोप नाही.
एक आई

*

वही जिथे होती तिथे ठेवून या, मग पुढचं वाचा.

आधी जे उद्यावर ढकलता येणार नाही ते. पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःचं मरण लिहिलंय, तेव्हा विनोदी आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. विचारायचं, आणि आजच. आडून आडून नको, सरळ: ''बाय, तुला खरंच मरून जावंसं वाटतं का गे? स्वतःचं काही करून घ्यायचं कधी मनात आलंय?'' असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती घरोघरी आहे. माझ्या घरातही होती. ती खोटी आहे. विचारल्यामुळे कुणी त्या वाटेला लागत नाही. मनात असलंच तर बोलायला जागा मिळते. विचारून झालं की गप्प बसा. 'असलं अभद्र बोलू नये' हे वाक्य जिभेवर येईल. गिळा.

जेवते का, झोपते का, मैत्रिणींशी बोलणं तुटलंय का, जपून ठेवलेल्या वस्तू अचानक वाटत सुटलीय का, उकाड्यातसुद्धा लांब बाह्या घालून हात झाकते का, याकडे लक्ष ठेवा. ती 'हो' म्हणाली किंवा यातलं काही दिसलं, तर तिला एकटी ठेवू नका आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, म्हणजे लोक ज्याला आयपीएचबी म्हणतात तिथे, घेऊन जा. तिथे नेलं म्हटल्यावर वाड्यावर काय कुजबुज होते ते मला ठाऊक आहे. होऊ दे. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास. तिला तुमच्यावाचून कुणाशी बोलायचं असेल तर मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर फ्रिजवर लावून ठेवा, 'कशाला' ते कुणाला सांगत बसू नका.

मला स्वतःला विचाराल तर तुमच्या पत्रातून तितकं भ्यायचं काही दिसत नाही. ती चार मैत्रिणी जमवते आहे, कॅमेरा कोण धरणार ते ठरवते आहे, गॅदरिंगच्या तारखेचा हिशेब करते आहे. पुढच्या महिन्याचे बेत आखणारी पोर आहे ही. पण पत्रावरून नाडी बघता येत नाही, म्हणून विचारा म्हणते.

आता सिनेमा. तो माझ्या भाच्याने मला जबरदस्तीने बसवून दाखवला होता, म्हणून बोलू शकते. टॉड सोलॉन्झ नावाच्या दिग्दर्शकाचा, १९९५चा. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं सगळ्यात मोठं पारितोषिक त्याला मिळालं. न्यू जर्सीत राहणारी डॉन, अकरा वर्षांची, सातवीत. शाळेत तिला सगळे छळतात. घरी थोरला भाऊ हुशार, धाकटी बहीण बॅलेचा फुलाफुलांसारखा झगा घालून अंगणभर गिरक्या घेणारी, आणि आईचा सगळा जीव त्या धाकटीत. एकदा डॉन आईचं ऐकत नाही. आई काय करते? मारत नाही, ओरडतही नाही फारशी. डॉनच्या वाट्याचा चॉकलेट केक उचलते आणि दुसऱ्या दोघांना वाटून टाकते. डॉन बघत बसते.

तुमच्या लेकीने तो केक पाहिला आणि तिला आपल्या घरचं इसवण दिसलं. एवढंच झालंय. सिनेमाने डोक्यावर परिणाम केला म्हणता. पण केक कुठे, पिंडावरची मासळी कुठे! ही उडी त्या न्यू जर्सीवाल्याला सात जन्मांत सुचली नसती. कावळा न शिवणं म्हणजे काय, दहाव्याला सगळे नातेवाईक काठावर उभे राहून आभाळाकडे बघत 'अमकं करू, तमकं करू' असं मेलेल्या माणसाला कसं कबूल करत सुटतात, हे ती कुठेतरी उभी राहून बघून आलेली आहे. आणि तिला त्यात हसूही दिसलं. मला विचाराल तर अशा वेळी जेवढं हसू येतं तेवढं लग्नातही येत नाही; माझ्या थोरल्या काकांच्या दहाव्याला भटजींच्या पंच्याचं एक टोक कुत्र्याने धरलं होतं आणि काकू, जिच्या कपाळाचं कुंकू गेलं होतं ती, सगळ्यांत आधी फुटली होती. जत्रेच्या काल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, संकासुर देवाधर्माचीसुद्धा टर उडवतो, तेव्हा आपण पुढच्या रांगेत बसून हसतोच की. तुमच्या मुलीने तीच रीत घरात आणली. मंडपात चालतं ते स्वयंपाकघरात आलं की बोचतं, एवढा फरक.

तरी एक सांगते. त्या सिनेमातला छळ ओबडधोबड आहे, काही प्रसंग अंगावर येणारे आहेत. अमेरिकेतही त्याला 'आर' दाखला होता, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. तिने एकटीने तीनदा पाहिला. चौथ्यांदा तुम्ही शेजारी बसा. भाषा कळली नाही तरी चालेल. पुढे त्यात धाकटी बहीण नाहीशी होते. तिला आईचा एक निरोप द्यायचा होता, तो डॉनने रागात दिलेला नसतो. मग डॉन एकटीच न्यूयॉर्कला जाऊन तिला शोधत हिंडते, शेवटी घरी फोन करते, तर भाऊ सांगतो, अगं ती सापडली. डॉन घरात नव्हती याचा फारसा बोभाटा झालेलाच नसतो. तो प्रसंग आला की पडद्याकडे बघू नका. लेकीकडे बघा.

आणि आता मला तुमचं पत्र तुम्हालाच वाचून दाखवायचं आहे. रागावू नका. मुलगा काय शिकतो, कुठे राहतो, कुठल्या वेळेच्या बसने येतो, त्याला काय सोसत नाही, किती किलोने उतरला, सगळं त्यात आहे. मुलीविषयी काय आहे? 'मुलगी १५ वर्षांची, दहावीत.' बस्स. बाकी सगळं तिने काय लिहिलं त्याबद्दल. वहीत कावळा का शिवत नाही, तेच दुसऱ्या शब्दांत तुम्हीही लिहून पाठवलंत. तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाही. उपाशी दिसणाऱ्या पोराकडे लक्ष जास्त जातं. जी पोर निमूट जेवून ताट उचलते तिचं सगळं ठीकच असणार, असं आपण धरून चालतो. माझं माझ्या मधल्या मुलीच्या बाबतीत हेच झालं, आणि तिने तर वहीसुद्धा लिहिली नाही. ती तिशी ओलांडल्यावर एका भांडणात बोलली.

म्हणून पुढच्या शनिवारी मोठी तुकडी तिच्या ताटात वाढून मोकळ्या होऊ नका. ती लाच दिसेल, आणि ही पोरगी तो प्रसंगही लिहून काढेल.

वही वाचलीत हे मात्र तिला सांगा. माफी मागायची ती न विचारता वाचल्याची. तुकडीची माफी आत्ता नको. तुम्ही तिच्यासमोर रडत 'मी कधी भेद केला नाही गे' म्हणालात, तर तिलाच तुमचे डोळे पुसावे लागतील, आणि इतकी वर्षं जे तिने पोटात ठेवलं ते पुन्हा पोटात जाईल. त्यापेक्षा तिला विचारा, त्या गोष्टीतल्या मुलीला नक्की काय हवं होतं? कावळ्याला कळलं, मला नाही कळलं, तू सांग. ती म्हणेल, काही नाही. दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना पुन्हा विचारा. एकमेकींकडे न बघता काम चाललेलं असलं की या वयात पोरं जास्त बोलतात.

आता इसवणाच्या डोक्याविषयी. 'मला डोकंच आवडतं' ही ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहून पाठवलीत. मी ती तीनदा वाचली. घरात कोण काय खातं हे त्या मुलीने पाहिलं, दादाची तुकडी मोजली, आणि मग तुमच्या ताटाकडेही पाहिलं. आईला डोकं आवडत नाही, ती खोटं बोलते, हे तिला कळलेलं आहे. तुमच्या नवऱ्याला कळलंय? सासूबाईंना? सगळ्या वहीत तुमच्याकडे इतक्या बारकाईने बघणारं दुसरं कुणी नाही.

यांना दाखवू का, विचारलंत. तुम्ही नाही दाखवायची. वही तिची, तिने दाखवावी. आणि तुम्ही समजता तशी यांची त्यात टिंगल नाही. तुम्हीच उतरवून पाठवलेला तुकडा पाहा: बाबा रविवारी टिपर धूत आहेत. मागून कुणीतरी सांगतं, पोरगी गेली. बाबा म्हणतात, ''आलोच, एवढं एक चाक राहिलंय.'' हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा ती रांगणं सोडून चालायला लागलेली असेल. मधे थोडं सुरू झालं. मग २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींचे ८८ लीज रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. तुमच्या डिचोली तालुक्यात अंगणाअंगणात टिपर गंजत उभे राहिले. कर्जाचे हप्ते तेवढे चालत होते. तुम्हाला तो टिपर धावताना आठवतो. तिला तो बहुतेक उभाच आठवत असणार, आणि दर रविवारी त्याला आंघोळ घालणारा बाप. त्या एका चाकाबद्दल तुमच्या घरात आजवर कुणी बोललंय का? न बोलता तेरा वर्षं काढलीत, आणि आता पोरीने बोलायला घेतलं तर तिच्याच डोक्यावर परिणाम झालाय का, असं विचारताय.

तेव्हा शूटिंगच्या आधी तिने बाबांना स्वतः वाचून दाखवावं, एवढी अट घाला. नियम म्हणून नको, रीत म्हणून: ज्याचा टिपर वापरायचा त्याला विचारायचं. ते चिडतील, कदाचित दोन दिवस जेवणार नाहीत. एखादा प्रसंग काढ म्हणाले तर तो त्या दोघांचा वाद, तुम्ही वकिली करायला जाऊ नका. सासूबाईंचंही तसंच. त्यांना आधी कळलं नाही आणि गॅदरिंगमध्ये शेजारणीकडून कळलं तर मात्र घर डोक्यावर घेतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. गॅदरिंग झाल्यावर यूट्यूबवर टाकायची घाई नको. घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र पाहिल्याशिवाय तर नाहीच. दहाव्याचा पिंड कुणाच्या खऱ्या घाटावर, खऱ्या दिवशी चित्रित करू नये, हेही सांगा. कुणाचं तरी खरंच गेलेलं असतं त्या दिवशी.

कावळ्याची काळजी तिला करू दे. मासळी ठेवली की येतो, घरामागे रोज येतोच. कॅमेरा लावला की मात्र येणार नाही, हे तिचं तिला कळेल.

शेवटच्या पानावरची पात्रयादी तुम्ही जशीच्या तशी उतरवलीत. आजी: मैत्रीण. दादा: वर्गातला एक मुलगा. बाबा: मैत्रिणीचे मामा. आणि 'आई' पुढे प्रश्नचिन्ह. ती जागा अजून भरलीय का, विचारून बघा. नाही म्हणाली तर रागावू नका, टिपर ढकलायला माणसं लागणारच आहेत.