चुलीजवळची गुंडाळी

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडल्या की माझ्याकडे एकच गाऱ्हाणं यायला लागतं. "मॅडम, विज्ञान प्रदर्शन आलं. पोराले प्रोजेक्ट कोणता द्यावा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागातल्या शाळांमध्ये मी समुपदेशक म्हणून फिरते. परीक्षेची भीती, मोबाईल, घरातली भांडणं हे सगळं वर्षभर चालू असतं. पण नोव्हेंबर-डिसेंबरात ही प्रदर्शनाची काळजी सगळ्यांच्या पुढे येऊन बसते. मुलं विचारतात, आया विचारतात, कधी कधी विज्ञानाचे सरसुद्धा बाजूला घेऊन विचारतात.

सुरुवातीला मला वाटायचं, हा माझा प्रांत नव्हे. यादी हवी असेल तर विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. मी दोन-चार विषय सुचवायची आणि मूल तेवढंच घाबरलेलं परत जायचं. मग हळूहळू कळलं, की "कोणता प्रोजेक्ट घेऊ" हा वरचा प्रश्न आहे. त्याच्या खाली दुसराच प्रश्न दडलेला असतो: "परीक्षकांनी काही विचारलं आणि मला नाही आलं, तर?"

म्हणून तर एवढे ज्वालामुखी होतात. थर्माकोलचा डोंगर, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. फेस वर येतो, सगळे बघतात, प्रश्न कोणी विचारत नाही. नाहीतर इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, शहरातून तयार आणलेली पवनचक्की. तीन मिनिटांचं पाठ केलेलं भाषण म्हटलं की सुटका. खरं तर आपल्या काळ्या मातीखालचा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच आहे. मूल त्याच दगडावर उभं राहून सोड्याचा फेस दाखवतं आणि पायाखालच्या दगडाबद्दल त्याला कोणी एक शब्द सांगितलेला नसतो. याची मला फार हळहळ वाटते.

गेल्या काही वर्षांत भेटलेल्या अशा मुलांपैकी एकीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. आठवीतली मुलगी. वडील बाजार समितीत हमाल, आई रोजानं निंदण-वेचणीला जाणारी. वडीलच तिला घेऊन आले होते.

"पोरगी हुशार हाय जी. पण मागच्या साली तिथं गेली अन् तोंडच उघडलं नाही. साहेबानं इचारलं, हे पातं कशानं फिरते? ही रडाले लागली."

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी विचारलं, "मग यंदा काय करायचं ठरवलंस?"

"काही नाही जी. मले नाही जाचं."

"आणि जावंच लागलं तर?"

"मंग असा प्रोजेक्ट सांगा का ज्याच्यावर कोणी काही इचारणारच नाही."

इतकं सरळ उत्तर मला आधी कोणी दिलं नव्हतं. मी वहीत ते जसंच्या तसं लिहून ठेवलं.

माझं काम अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारावर उभं आहे, हे मी लपवत नाही. गेल्या शतकात १९५५ च्या सुमारास त्यानं मांडणी केली, की माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढा त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. त्याला स्वतःला तरुणपणी लोकांसमोर बोलायची धास्ती होती. ती घालवायला तो ठरवून, पुन्हा पुन्हा, लोकांसमोर बोलत राहिला. म्हणून हा माणूस मला पुस्तकातला वाटत नाही. आणि त्याचं म्हणणं शिकवायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही, कारण आपल्याकडे तो हट्ट एका अक्षरात मावतो: च. "मला उत्तर आलंच पाहिजे." "मी चुकताच कामा नये." मी तिला ही वाक्यं पाटीवर लिहायला लावली आणि म्हटलं, "यातला च पुसून वाच." तिनं वाचलं. "मला उत्तर आलं पाहिजे." पुन्हा वाचलं. म्हणाली, "हे थोडं हलकं वाटते जी." पण डोळे खालीच होते. अक्षर पुसलं म्हणून धास्ती पुसली जात नाही. त्यासाठी हाताला काहीतरी करावं लागतं.

दुसऱ्या भेटीत मी प्रोजेक्टचं नावच काढलं नाही. घरची विचारपूस केली. बोलता बोलता ती म्हणाली, की बाबा सगळी पोती पाठीवरून धाडकन टाकतात, पण बियाण्याचं पोतं हळू ठेवतात. का? तर गावात कृषी सहायकांनी सांगितलंय, सोयाबीनचं बी फेकलं की उगवत नाही.

"किती उगवत नाही?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"म्हणजे अजिबातच नाही, की थोडं कमी? खांद्यावरून टाकलं तर किती, स्लॅबवरून टाकलं तर किती?"

ती गप्प झाली. ही गप्प मागच्यासारखी नव्हती. मग म्हणाली, "हे तं बाबालेही मालूम नसन."

इथं पालकांना सांगायची गोष्ट सांगून घेते. प्रोजेक्ट मोठा की छोटा, हे बघू नका. त्यात असा प्रश्न आहे का बघा, ज्याचं उत्तर घरात कोणालाच नक्की ठाऊक नाही आणि जे मोजता येतं. आपल्याकडे असे प्रश्न पडलेले आहेत. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत दोरी सोडून तिची खोली दर आठवड्याला मोजता येते. कपाशीतल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, रोज किती पतंग अडकले ते लिहिता येतं. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करावा, असा सल्ला असतो, मग आपल्या वावरात तो दिवस कधी आला? यातल्या कशालाच शंभर रुपयांच्या वर खर्च नाही. इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत निवड झालेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात हे अनेक पालकांना पाठ असतं. पण ते पैसे पुढे प्रतिकृती करायला असतात, कल्पना मुलाचीच लागते.

आमच्या मुलीची कल्पना तिच्या अंगणातच होती. उगवण तपासायची रीत गावागावात ठाऊक आहे. १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर रांगेत मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि पाच-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. तिनं एकाच पोत्यातून दोन-दोन किलोच्या तीन थैल्या भरल्या. एक तशीच ठेवली. एक बाबांच्या खांद्यावरून दहा वेळा फरशीवर टाकली. एक शाळेच्या स्लॅबवरून दहा वेळा.

आठवड्यानं ती आली ती रडवेली होऊन. वही पुढे सरकवली. न फेकलेलं: ७१. खांद्यावरून टाकलेलं: ८०. स्लॅबवरून: ५८.

"उलटं आलं जी. फेकलेलं जास्त उगवलं."

"सरांना दाखवलंस?"

खालमानेनं तिनं सांगितलं, की वर्गातल्या एकीनं सल्ला दिलाय, ७१ चे ८१ कर, कोणाला कळणार आहे. "करू का जी?"

मला इथे उपदेश करायचा मोह झाला होता. खोटं बोलू नये वगैरे. मी तो आवरला, कारण घाबरलेल्या मुलाला नीती शिकवली की ते अजून एक च डोक्यावर घेतं. मी एवढंच म्हटलं, "गुंडाळ्या अजून आहेत का? घेऊन ये. आपण उघडून बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून तिन्ही गुंडाळ्या काढल्या. ओल्या गोणपाटाचा वास खोलीभर पसरला. तिनं पहिली उलगडली आणि सवयीनं बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, दाण्यांकडे बघत. "हा पाहा जी, याचा कोंब सरका हाय. हा वाकडा. याची साल फाटली, इथं डोळ्यापाशी." सोयाबीनची साल किती पातळ असते आणि मुळाचा कोवळा अंकुर तिच्या लगेच खाली, डोळ्याच्या बाजूला कसा दबून बसलेला असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. स्लॅबवरच्या थैलीतले कितीतरी दाणे नेमके तिथंच चिरलेले होते. तिनं ते नखानं एकेक बाजूला केले.

मग न फेकलेल्या गुंडाळीकडे आली आणि थांबली. न उगवलेले दाणे फुगलेले होते, धडधाकट होते, सडले नव्हते. काहींना तर आज कोंबाचं टोक दिसत होतं.

"हे आत्ता उगवून राहिले," ती म्हणाली. "एवढ्या उशिरा कायले?"

मी काही बोलले नाही. हे न बोलणं माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि त्या दिवशी ते मला जमलं, याचं मला आजही समाधान आहे.

बराच वेळ गेला. ती तीन गुंडाळ्या टेबलावर मांडत होती, जागा बदलत होती. मग एकदम म्हणाली, "मॅडम! ही दाराजवळ होती. खांद्यावरची चुलीजवळ होती. मायनं झाडताना तिकडं सरकवली."

डिसेंबरातली रात्र. दारातून येणारा गारठा एका गुंडाळीला, चुलीची ऊब दुसरीला. सोयाबीनला उगवायला ऊब लागते. एवढ्याशा गारठ्यात ते सहसा मरत नाही, पण रेंगाळतं. फेकण्याचा परिणाम मोजायला निघालेल्या मुलीनं नकळत चुलीचा परिणाम मोजला होता.

तिचा चेहरा मला अजून दिसतो. चूक सापडल्याचा तो आनंद होता. "म्हंजे ७१ खोटं नाही," ती म्हणाली, "ते दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर हाय."

तिची भीती त्या क्षणी मोडली असं मी मानते. मी लिहायला लावलेल्या वाक्यांनी नाही मोडली. चुकीच्या आकड्याला तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं, कारण शोधलं, त्यानं मोडली. आपल्याला न येणारी गोष्ट ही लाजेची गोष्ट नसून पुढच्या कामाची जागा असते, हे तिला कोंबांनी दाखवलं.

तिनं सगळं पुन्हा लावलं. या खेपेला प्रत्येक थैलीच्या तीन-तीन गुंडाळ्या, सगळ्या एकाच टोपल्यात, वर पोतं झाकून. शंभरी सरासरी आली ८२, ७६ आणि ६१. आणि पहिली चुकलेली वहीही तिनं टेबलावर ठेवायची ठरवली. सरांना ते पटत नव्हतं. मी आग्रह धरला.

सादरीकरणाची तयारी आम्ही थोडीच केली. दोनच गोष्टी. पहिली, भाषण पाठ करायचं नाही. पहिलं वाक्य फक्त ठरवायचं, आणि ते आपल्या प्रश्नाचं असलं पाहिजे. "नमस्कार, माझ्या प्रकल्पाचं नाव" इथून सुरू झालेलं मूल पाठांतराच्या रुळावर चढतं आणि मध्येच कोणी थांबवलं की घसरतं. दुसरी गोष्ट, "माहीत नाही" म्हणायचा सराव. हो, सराव. मी मुद्दाम तिला येणार नाहीत असे प्रश्न विचारायची आणि तिनं म्हणायचं, "माहीत नाही, पण..." त्या पणच्या पुढे तिनं स्वतः पाहिलेलं काहीही चालेल. पहिल्या दिवशी तो पण तिच्या तोंडून निघेना. चौथ्या दिवशी ती माझ्यावरच उलटे प्रश्न टाकायला लागली.

आणखी एक अडथळा होता. "शुद्ध बोलावं लागते न जी?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना सांगशील तसं सांग. बोली सांभाळत बसलेल्या मुलाचं निम्मं लक्ष जिभेवर जातं आणि विज्ञान मागे राहतं. मी शिक्षकांना कळकळीनं सांगते, प्रदर्शनाच्या टेबलावर तरी मुलांचं "मले-तुले" दुरुस्त करू नका.

तालुक्याच्या प्रदर्शनात मी मागे उभी होते. तिच्या शेजारी दिवे लागणारं मोठं मॉडेल होतं, तिच्यापुढे गोणपाट. परीक्षक आले. तिनं सुरुवात केली, "बियाण्याचं पोतं फेकलं तं किती नुकसान होते, हे मी मोजलं." त्यांनी ऐकलं, वही चाळली, आणि विचारलं, "बियाण्यात ओलावा किती टक्के होता?"

माझ्या पोटात गोळा आला. हा प्रश्न आम्ही घेतलाच नव्हता.

ती क्षणभर थांबली. "माहीत नाही जी. मोजाची मशीन नोती. पण तिन्ही थैल्यातलं बी एकाच पोत्यातलं होतं. म्हणून ओलावा जेवढा होता तेवढा तिघाईतही सारखाच."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि खुर्ची ओढून बसले. मग पहिली वही मागितली. चुलीची गोष्ट तिनं दहा मिनिटं सांगितली.

तिचा तिसरा क्रमांक आला. जिल्ह्याला ती गेली नाही. वडील थोडे हिरमुसले. मी त्यांना म्हटलं, मागच्या साली रडत परत आलेल्या पोरीला आज काय विचारायचं ते घरी गेल्यावर विचारा.

मे महिन्यात तिचा फोन आला. पेरणीआधी गल्लीतल्या चार घरांचं बियाणं ती तपासून देत होती, पण तिला दुसरंच विचारायचं होतं.

"मॅडम, ओलावा मशीनबिगर मोजता येते का?"

मी म्हटलं, येतो की अंदाज. दाणे मोजून घे, किराणा दुकानाच्या बारीक काट्यावर वजन कर, चांगले वाळव, वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोल. जेवढं उतरलं तेवढं पाणी. आणि वाळवताना...

"सगळे नमुने एकाच टोपल्यात ठेवतो जी," ती म्हणाली.