मित्रांच्या फोनमधून जाणारी माहिती

प्रश्न : फेसबुकवरील माझी माहिती केवळ मित्रांना दिसते आणि मी कोणतेही अ‍ॅप जोडलेले नाही, तरीही ती बाहेर जाऊ शकते का? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : होय. 2018 मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात (या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीने व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपमधून फेसबुक वापरकर्त्यांची माहिती मिळवली होती) भारतातील केवळ 335 जणांनी ते अ‍ॅप घेतले होते. तरीही त्यांच्या मित्रयाद्यांमुळे सुमारे 5 लाख 62 हजार लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच मान्य केली. ती वाट 2015 मध्येच बंद झाली होती. मला अधिक गंभीर वाटते ती फोनमधील संपर्कयादी, कारण मित्राने ती अपलोड केली की तुमचा क्रमांक तुमच्या संमतीवाचून कंपनीकडे पोहोचतो. फेसबुकच्या सेटिंगमध्ये क्रमांकावरून शोधण्याची मुभा ‘ओन्ली मी’वर (फक्त मी) ठेवा, संपर्क अपलोड बंद करण्याची विनंती मात्र मित्रांनाच करावी लागेल.